डिकीतला खोका आणि डाव्या तोंडाची कणीक

मोटारीत वाजणाऱ्या कॅसेटमध्ये पखवाज नव्हता. कॅसेट मी स्वतः भरली होती. एकादशीला मार्गासनीच्या देवळात टेपरेकॉर्डर घेऊन मी बसलो होतो, पखवाज माझ्यापासून पाच हातांवर वाजत होता आणि तो वाजवणारे गृहस्थ, म्हणजे माझे सासरे, आता माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. काचा वर केलेल्या. टाळ ऐकू येत होते, गाणाऱ्यांचे गळे ऐकू येत होते. फार कान लावला तर उजव्या हाताची एखादी बारीक टिचकी सापडे. डाव्या हाताच्या थापेच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

“पाव्हणं,” सासरे म्हणाले, “म्या कुठाय ह्याच्यात?”

मी आवाज वाढवला. टाळ वाढले. ते पुन्हा माझ्याकडे बघू लागले आणि मी टेपच्या बटणांकडे. बटणं एकूण अकरा होती. त्यातलं कोणतं दाबल्यावर पखवाज येईल ते मला कळेना.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी भोरला राहायचो आणि भाटघरला धरणाच्या कचेरीत पाण्याच्या पातळीची नोंद ठेवायचो. मोटार चार वर्षं वापरलेली घेतली होती. टेप तिच्यात कंपनीनेच बसवलेला होता, स्पीकर पुढच्या दोन दारांत, तळहाताएवढे. त्यांच्याबद्दल माझी तोवर काही तक्रार नव्हती. बातम्या स्पष्ट ऐकू यायच्या.

सासऱ्यांना गावात सगळे तात्या म्हणत. भजनी मंडळात ते पस्तीस वर्षं पखवाज वाजवत होते आणि वर्षभरापासून त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. भोरला कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत ती सरळ होती, पुढे घाट उतरावा तशी खाली आलेली. बारीक आवाज गेले आहेत, जड आवाज बऱ्यापैकी शाबूत आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कानाचं यंत्र दिलं. तात्यांनी ते भजनात लावलं, टाळ वाजल्याबरोबर काढलं आणि सुपारीच्या डबीत ठेवून दिलं. “कानात कावळं सोडल्यावानी होतंय,” म्हणाले.

इथवर घरातलीच गोष्ट होती. पण मंडळात कुरबूर सुरू झाली की तात्यांची थाप मागे पडते. विणेकरी म्हणजे गळ्यात वीणा घालून उभा राहणारा, भजनाचा म्होरक्या. तो तोंडाचा तिखट होता. एका एकादशीला सगळ्यांच्या देखत म्हणाला, “तात्या, आमी घरी जाऊन जेवाय बसतो, तवा कुठं तुमची थाप येती.”

“तुमी जेवायच्या घाईनंच पळताय,” तात्या म्हणाले. “म्या हाय तितंच हाय.”

लोक हसले, पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. दोन महिन्यांवर गावचा सप्ताह आला होता. वेल्ह्याच्या कचेरीत शिपाई असलेला मंडळातलाच एक जण पखवाज शिकून तयार झाला होता, सप्ताहाला त्याला बसवावं असं काहींना वाटू लागलं. तेव्हा तात्यांनीच सांगितलं, “टेप करा. मानूस खोटं बोलंल, टेप बोलनार न्हाई. त्यात म्या मागं असंन तर पखवाज सोडला. हा माझा शब्द.” आणि टेप कोणी करायचा? तर धरणावर पाणी मोजणाऱ्या जावयाने. तो कुणाच्या बाजूचा नाही, असं विणेकऱ्यानेही मान्य केलं. खरं म्हणजे मी तात्यांच्या बाजूचा होतो. पण मोजमापात बाजू घेता येत नाही हेही मला माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

टेपरेकॉर्डर ठेवताना मी टाळकऱ्यांपासून आणि पखवाजापासून सारखंच अंतर दोरीने मोजून घेतलं होतं. आणि आता कॅसेटमध्ये पखवाजच नाही.

पुढचे काही दिवस कचेरीच्या जेवणाच्या सुटीत मी मोटारीत बसून ती कॅसेट ऐकत असे. जे ऐकू येतंय ते तरी मोजावं म्हणून हातातल्या घड्याळावर टाळ मोजले. पहिल्या अभंगाच्या सुरुवातीला पंधरा सेकंदांत वीस ठोके. त्याच अभंगाच्या शेवटी सत्तावीस. मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या अभंगात एकोणीस आणि सव्वीस. म्हणजे मंडळ पळत होतं, तात्यांचं बरोबर होतं! मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की भजन शेवटाला चढतंच, चढलं नाही तर लोक पेंगतील. मंडळ पळतं की नाही हा प्रश्नच नव्हता. पळणाऱ्यांच्या बरोबरीने थाप पडते की मागाहून, हा प्रश्न होता, आणि त्याला थाप ऐकू यायला हवी होती.

भोरच्या एसटी स्टँडजवळ मोटारींचं वायरिंग करणारे एक मिस्त्री होते. दाढी मेंदीने रंगवलेली, बोलणं भोरच्याच मातीतलं. त्यांनी कॅसेट ऐकली आणि दाराच्या स्पीकरवर बोटाची टिचकी मारली.

“साहेब, ह्या बशीतनं पखवाज कसा येईल? ह्याला ॲम्प्लिफायर आणि डिकीत वूफर, म्हंजी जड आवाजाचा खोका, लागंल.”

“टेप बदलावा लागेल?”

“नको. पन कंपनीचा टेप हाय. ह्याला मागून सुटं आउटपुट न्हाई. दारातल्या स्पीकरच्या वायरीतनं आवाज चोरून घ्यावा लागंल.”

“चोरून म्हणजे?”

“म्हंजी स्पीकरला कळनार न्हाई असा.”

घरी ही गोष्ट काढली तेव्हा बायको गहू निवडत होती. तिने विचारलं, “डिकीत तो खोका बसला की बाजारची पिशवी कुठं ठेवायची?” मी म्हटलं, मागच्या सीटवर. तिने ताटातले गहू पुढे सारले. “अहो, आणि त्यात तात्यांना वाईट वाटेल असं काही निघालं तर?”

“जे असेल ते निघेल.”

“हे पाणी मोजणं नाही,” ती म्हणाली.

मला तिचं म्हणणं पटलं नाही. रविवारी सकाळी मी मोटार मिस्त्रींच्या दारात उभी केली आणि स्टूल घेऊन शेजारी बसलो.

माझी पहिली अडचण ॲम्प्लिफायर ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्यावरच सुरू झाली. वर मोठ्या अक्षरांत एक हजार वॅट लिहिलं होतं. आत यंत्रावर फ्यूज होता वीस अँपियरचा. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. दोनशे चाळीस आत जाऊन एक हजार बाहेर कसे येतील? धरणात एवढं पाणी आलं आणि त्याच्या चौपट सुटलं अशी नोंद मी केली असती तर मला साहेबांनी घरी पाठवलं असतं. मी कागदावर आकडेमोड करून मिस्त्रींना दाखवली.

त्यांनी ती बारकाईने पाहिली. “हिशेब बरोबर हाय साहेब. हजार हे खोक्याचे वॅट. आतल्या मालाचे येगळे.”

“किती?”

“वाजल्यावर कळंल.”

बॅटरीपासून एक जाड लाल वायर त्यांनी आत घेतली, बॅटरीला लागूनच तिला आणखी एक फ्यूज घातला. पायाखालच्या चटईखालून ती डिकीपर्यंत नेली. दारातल्या स्पीकरच्या वायरी खरवडून त्यांना बारीक वायरी जोडल्या, त्याही मागे नेल्या. काळी वायर डिकीत पत्र्याला बोल्टने आवळली. मग कॅसेट लावली. इंजिन चालू होतं, आणि भजनाच्या मागे एक कुंई असा आवाज येऊ लागला. इंजिन वाढवलं की तोही चढे. मिस्त्रींनी बोल्ट काढून त्याखालचा रंग कानशीने घासला, पत्रा चकचकीत दिसू लागल्यावर पुन्हा आवळला. कुंई गेली.

पण थाप अजून नव्हती. डिकीतला खोका थरथरत होता, हात लावला की कळायचं, मोटारीत बसलं की नुसती हवा हलल्यासारखी वाटे. मिस्त्री खाली वाकले आणि वूफरच्या दोन वायरी सोडून त्यांनी उलट्या जोडल्या, अधिकची उण्याला आणि उण्याची अधिकाला. त्याबरोबर आतून धूं आलं. माझ्या पोटात आलं.

“आता चुकीचं जोडलंत,” मी म्हणालो. खुणा मी आधीच पाहून ठेवल्या होत्या.

“चुकीचं, पन वाजतंय. आधी दारातलं पुढं ढकलत हुतं आन् ह्यो मागं वडत हुता. दोघं मिळून शून्य.”

“म्हणजे दुसरीकडं कुठंतरी आणखी एक चूक आहे?”

“असंल.”

“ती शोधू या का?”

मिस्त्रींनी पान्हा पुसून ठेवला. “साहेब, आता दोन्ही चुका येकमेकीला धरून हायेत. येक सोडवली तर परत शून्य.”

मी दाराच्या वायरी दोनदा हाताने धरत धरत मागेपर्यंत पाहिल्या. चूक सापडली नाही. डायरीत लिहून ठेवलं, ‘वूफर उलटा जोडला आहे, तसाच ठेवावा,’ आणि त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच दिवशी दुपारी मी नसरापूरवरून मार्गासनीला गेलो. तात्या म्हणाले, दारात नको, लोक म्हणतील जावयानं बाजा आणला. म्हणून वेल्ह्याच्या रस्त्याला गावापासून थोडं पुढे चिंचेखाली मोटार लावली. इंजिन बंद केलं, काचा वर केल्या. तात्यांना मागच्या सीटवर बसवलं, कारण खोका तिच्या पाठीमागेच होता. कॅसेट लावली.

दोन-चार ठोके गेले. तात्यांनी सीटच्या पाठीला पंजा टेकला. मग दुसरा. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, वर्षभरात तो असा दिसला नव्हता.

“हाय,” ते म्हणाले. “हाय की! हितं हाय म्या.”

मलाही आनंद झाला आणि मी घड्याळ काढलं. पण मोजायला गेलो तर मोजता येईना. टाळाचा ठोका पडतो तो सुईसारखा, इथे पडला म्हणून बोट ठेवता येतं. डावी थाप मात्र ठोक्याला सुरू व्हायची की ठोक्यानंतर, ते कळत नव्हतं. नुसती फुगत यायची, धूं, आणि फुगून झाली की पुढचा टाळ वाजून गेलेला असायचा. धार नसलेल्या गोष्टीची वेळ कुठून धरायची? सुरुवातीपासून धरली तर तात्या बरोबर होते. जिथे ती कानाला भरते तिथून धरली तर विणेकरी बरोबर होता.

मला खोक्याचा संशय आला. उलट्या वायरींचाही आला. ॲम्प्लिफायरवर कोणते जड आवाज घ्यायचे याची एक फिरकी होती, ती मिस्त्रींनी ऐंशीवर ठेवली होती. खाली उतरून मी ती साठवर नेली, मग शंभरवर. फुगणं कमी-जास्त झालं, गेलं नाही. मग टेपजवळच्या कप्प्यातली तबल्याची विकतची कॅसेट लावून पाहिली. तबल्याचा डावा सुरीने कापल्यासारखा येत होता. म्हणजे खोका ठीक होता. चुकीचा जोडलेला का असेना, ठीक होता. मग राहिलं काय, कॅसेट की हात? हे मोठ्याने बोलावं की नाही ते मला ठरवता येईना.

“परत लावा ती,” तात्या म्हणाले. “आपली.”

ती मी लावली. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. आनंद चेहऱ्यावरून गेला होता. लहानपणापासून एखाद्याची चाल ओळखीची असावी आणि आज तो लंगडतोय हे पाठमोरं पाहून कळावं, तसं ते ऐकत होते. अर्ध्या अभंगात म्हणाले, “बंद करा. कनीक जास्त हाय.”

पखवाज वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात. तिने कातडं जड होतं, आवाज खाली उतरतो. भजन संपलं की ती काढून टाकतात. बेताची असली की थाप खोल आणि ठळक येते. जास्त झाली तर कातडं ओलं पोतं होतं, हात उचलल्यावर आवाज मागून येतो. हे मला तात्यांनीच तिथे बसून सांगितलं.

“पन म्या तर नेहमीयेवढीच लावतो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. “घरी इचारा.”

घरी सासूबाई चुलीपुढे होत्या. मी विचारलं, “मामी, मामा भजनाला कणीक किती नेतात?”

“आधी लिंबायेवढा येक गोळा नेत हुते,” त्या म्हणाल्या. “आता वरीस झालं, दोन मागत्यात. कदी अडीच. म्या म्हनलं, येक गाईला घालत असतील.”

तात्या उंबऱ्यावर बसले होते. सासूबाईंनी हे मोठ्याने सांगितलं होतं, त्यांना ऐकू गेलंच. डाव्या पंज्याकडे बघत ते म्हणाले, “येका गोळ्यानं मला ऐकूच येत नव्हतं. वाटायचं, पीठ हलकं हाय. म्हनून लावत गेलो आसंन.” मला डॉक्टरांची रेघ आठवली: जड तेवढंच ऐकू येत होतं, म्हणून ते थाप आणखी जड करत गेले होते.

मग माझ्याकडे वळले. “पाव्हणं, तुमी काय मोजलं ते सांगा. उगं गोड नको.”

मी सांगितलं. टाळ विसावर सुरू होऊन सत्ताविसावर जातात. मंडळ पळतं हे खरं. थाप ठोक्याला सुरू होते आणि ऐकू मागाहून येते, हेही खरं. किती मागाहून, तो आकडा माझ्याजवळ नाही.

“म्हंजी त्यांचं बी खरं, माझं बी खरं. मंग पखवाज कुनाकडं?”

आकड्यांनी याचं उत्तर निघत नव्हतं, आणि माझ्याकडे आकडेच होते. मी म्हणालो, “पुढच्या एकादशीला एक गोळा लावून बघा, मामा.”

त्यांनी लावला. मी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच खांबाजवळ, तेवढ्याच अंतरावर बसलो. तात्या त्या दिवशी डोळे न मिटता वाजवत होते, टाळकऱ्यांच्या हातांकडे बघून. थाप स्वच्छ पडत होती. दुसऱ्या अभंगाला विणेकऱ्याने वळून पाहिलं आणि मान हलवली. आरती झाल्यावर म्हणाला, “तात्या, आज थाप जेवायच्या आधी आली. सप्ताहाला तुमीच बसा आता.” सगळे हसले. तात्याही हसले.

बाहेर चपला घालताना त्यांनी मला हळूच विचारलं, “पाव्हणं, वाजला का आज?”

“उत्तम वाजला. तुम्हाला कळलं नाही?”

“गादीवर थापा मारल्यावानी वाटलं. हाताला कळत हुतं. कानाला काय न्हाई.”

सप्ताहाच्या चार दिवस आधी तात्या स्वतः पखवाज खांद्याला अडकवून त्या शिपायाच्या घरी गेले आणि त्याच्यापुढे ठेवून आले. विणेकरी त्यांच्या घरी आला, रागावला, म्हणाला, आता कोन म्हनतंय तुमी मागं हाय म्हनून? तात्या म्हणाले, “शब्द दिला हुता. टेपात म्या मागं हुतो.” सप्ताहात रोज दुपारी ते कणकेचा एकच गोळा पानात बांधून देवळात नेत. त्या शिपायाच्या हातात देताना सांगत, “दुसरा मागू नगस. आन् ऐकू येईनासं झालं तर कुनालातरी इचार.”

बायको बाजारची पिशवी मागच्या सीटवर ठेवू लागली, तेवढंच. बोलली असती तर बरं झालं असतं. मी खोका बसवला नसता तर कॅसेटमध्ये तात्या मागे नव्हतेच, कुठेच नव्हते. कणीक जास्त आहे हेही कुणाला कळलं नसतं, आणि सप्ताहाला शिपाईच बसला असता. शेवटी बसला तोच. मग मी नेमकं काय केलं, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

पुढे मी मार्गासनीला गेलो की तात्या जेवणानंतर म्हणत, चला, जरा चिंचेखाली. माझ्याजवळ दोन्ही कॅसेटी असत. एका गोळ्याची मी त्यांना पहिल्यांदा लावून दाखवली तेव्हा त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. खोक्यातून ती थाप त्यांना चांगली ऐकू आली. “ब्येस वाजलाय,” ते म्हणाले, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. मग पंजा सीटच्या पाठीला टेकून म्हणाले, “आता ती लावा. दोन गोळ्यांची.”

तीच ते पुढेही मागत राहिले. मी एकदा विचारलं, “मामा, त्यात तर कणीक जास्त आहे.”

“व्हय,” ते म्हणाले. “पन त्यात म्या हाय. लावा.”